छान वातड

आमच्या घरी एखाद्या पदार्थाला "वातड" हे विशेषण एकदा चिकटलं की त्याचा निकाल लागल्यात जमा असे. पावसाळ्यात डबा उघडा राहिलेले पापड वातड, गार झालेल्या पुऱ्या वातड, आणि आमच्या हॉस्टेलच्या मेसमधला पराठा तर चारही वर्षं एकनिष्ठपणे वातड. मराठीत खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, मऊसूत अशी कौतुकाची मोठी फौज आहे. पण दातांना थोडी मेहनत करायला लावणाऱ्या पदार्थाबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की आपल्याकडे शब्दच नाही. चिवट, वातड, रबर... सगळ्या तक्रारीच.

जपानला आल्यावर पहिल्याच महिन्यात टीममधल्या एका मुलीने डोनटचा घास घेऊन, डोळे मिटून, "मोची-मोची!" म्हटलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. पण नाही, ती खूष होती. मोची-मोची म्हणजे दाताखाली दबतं, ओढलं जातं, आणि परत जागेवर येतं ते. इथे हे कौतुक आहे. ब्रेड मोची-मोची, नूडल्स मोची-मोची, लहान बाळाचे गालसुद्धा मोची-मोची. च्यायला, म्हणजे आमच्या मेसचा पराठा इकडे हिट झाला असता!

असो. तो डोनट म्हणजे मिस्टर डोनटचा 'पोन दे रिंग'. मिस्टर डोनट ही मूळची अमेरिकन साखळी. तिकडची बहुतेक दुकानं १९९० नंतर डंकिनमध्ये विरघळून गेली, पण जपानमध्ये १९७१ साली ओसाकाजवळच्या मिनो इथे सुरू झालेलं प्रकरण अजून जोरात आहे. २००३ साली त्यांनी हा पोन दे रिंग काढला. आठ छोटे गोळे एकमेकांना चिकटून केलेलं कडं, वर साखरेचा पातळ थर. नावातलं 'पोन दे' आलंय ब्राझीलच्या 'पाओ दे केजो' या चीजच्या छोट्या पावांवरून. ते पाव कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चपासून करतात, आणि पोन दे रिंगमध्येही मैद्याबरोबर तोच टॅपिओका स्टार्च असतो. टॅपिओका म्हणजे कोण? आपला साबुदाणा! उपासाच्या खिचडीतला पारदर्शक, ओढाळ दाणा आठवा. म्हणजे मोची-मोची आपण आयुष्यभर खात आलोय, फक्त त्याला नाव दिलं नाही.

आता ह्या सगळ्यात आई कुठून आली ते सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये आई माझ्याकडे निशिकासाईला आली. नव्वद दिवसांचा व्हिसा. निशिकासाई हा तोक्योच्या एदोगावा वॉर्डातला भाग. २००० च्या आसपास वाय-टू-केच्या कामासाठी आलेले आपले आयटीवाले इथे वसले आणि मग वसतच गेले. स्टेशनबाहेर कधी तमिळ कानावर पडतं, कधी मराठी, आणि कढीपत्ता मिळतो. मला वाटलं होतं, आईला इथे करमेल. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. साताऱ्याच्या घरात ती एकटी. ताई पुण्याहून दर पंधरवड्याला जायची, पण बाकीचे दिवस ती, टीव्ही आणि शेजारच्या काकू.

प्रत्यक्षात झालं असं की मी सकाळी आठला बाहेर पडायचो आणि रात्री नऊला यायचो. आई इथेही एकटीच, फक्त इथे टीव्ही कळत नव्हता आणि शेजारच्या काकू नव्हत्या. पहिले दोन शनिवार-रविवार मी तिला उत्साहाने सगळीकडे फिरवलं. आसाकुसा, उएनो, समुद्राकाठची बाग. ती सगळीकडे "छान आहे हो" म्हणायची आणि पिशवीतून दशम्या काढायची. बाहेरचं काही खाणं शक्यच नव्हतं. अंडं खात नाही, मासे नाहीत, आणि इथे साध्या भाजीच्या सुपातसुद्धा माशाचा अर्क. एकदा मिस्टर डोनटच्या काचेसमोर मात्र ती रेंगाळली. "हे मण्यांच्या माळेसारखं काय आहे रे?" मी म्हटलं, पोन दे रिंग. "अंडं असेल?" असतं. "मग राहू दे," असं म्हणून ती पुढे गेली सुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ ना." मी म्हटलं, का, काय झालं? "काही नाही झालं. तुझी उगाच धावपळ होते." मी "बघतो" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं नाही.

त्या शनिवारी मी ठरवलं, आईला बिनअंड्याचा पोन दे रिंग घरी करून घालायचा. यात आईला बरं वाटावं हे होतंच, पण खरं सांगायचं तर मला तिकिटाचा विषय टाळायचा होता. आपण इंजिनियर लोक, खरा प्रॉब्लेम सुटत नसला की शेजारचा छोटा प्रॉब्लेम हातात घेतो.

घरगुती पोन दे रिंगमध्ये इथे बरेच लोक टॅपिओकाऐवजी शिरातामाको वापरतात. शिरातामाको म्हणजे मोची-गोमे ह्या चिकट तांदळाचं पीठ. इथे थोडी केमिस्ट्री, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. जपानी लोकांच्या रोजच्या भातात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के असतं, आपल्या मोकळ्या होणाऱ्या तांदळांत त्याहून जास्त. मोची-गोमेमध्ये ते जवळपास नसतंच. सगळं अमायलोपेक्टिन, म्हणून शिजलं की चिकट, ओढाळ. (आसाममधला बोरा तांदूळ ह्याच जातकुळीतला. आपल्या महाराष्ट्रात मात्र ही भानगड नाही. आंबेमोहोर थोडा चिकटतो, पण तो सभ्यपणे.)

मी विचार केला, चिकटपणा शिरातामाकोमुळे येतो ना? मग मैदा हवाच कशाला? शंभर टक्के शिरातामाको वापरू, चौपट मोची-मोची! ह्या आत्मविश्वासाने मी आजवर प्रॉडक्शनवर बरंच काही पाडलंय. आई आत गाथा वाचत बसली होती. मी पीठ पाण्यात भिजवलं, बोराएवढे सुंदर पांढरे गोळे केले, आणि तेल तापवलं. इथल्या गॅसच्या शेगडीला तापमान ठरवायची सोय असते, मी १८० वर ठेवलं. गोळे सोडले. दोन-तीन मिनिटं ते शांतपणे तरंगले. मी फोटो काढायला जवळ वाकलो...

फट्!

आणि मग फट् फट् फटाक. एक गोळा तेलासकट उडून वरच्या एक्झॉस्टला चिकटला. दुसऱ्याचं तेल माझ्या मनगटावर. मी ओरडलो की नाही आठवत नाही, पण आई आली ती थेट शेगडीकडे. आधी गॅस बंद, मग माझा हात नळाखाली, मग माझ्याकडे एक कटाक्ष. हा क्रम मी लहानपणापासून ओळखतो.

"तळणीवर तोंड घेऊन कोण वाकतं रे?"

हात नळाखाली धरून मी तिला काय झालं ते समजावायला लागलो. गोळ्याचं बाहेरचं पीठ गरम तेलात आधी शिजतं आणि त्याचं चिवट कातडं होतं, रबरी फुग्यासारखं. आत पाणी अडकलेलं. त्याची वाफ व्हायला लागली की ती जवळजवळ १७०० पट जागा मागते. कातडं ताणलं जातं, ताणलं जातं आणि शेवटी फुटतं. जपानमध्ये हे अपघात नेहमी होतात, शिरातामाकोच्या नुसत्या गोळ्या तळू नका असं सांगतात सुद्धा. (हे मी नंतर वाचलं. डॉक्युमेंटेशन नेहमी नंतरच वाचतात.)

आईने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे अनारशाच्या उलट."

मी म्हटलं, कसं काय?

"अनारसा हसतो. पीठ ओलं राहिलं किंवा गूळ जास्त झाला की तो तेलात पसरतो, विरघळून जातो. धरूनच ठेवत नाही स्वतःला. तुझं हे पीठ उलट, इतकं धरून ठेवतं की फुटतं." मग पाकिटात हात घालून तिने चिमूटभर शिरातामाको घेतलं. शिरातामाको पिठासारखं भुरभुरीत नसतं, वेडेवाकडे पांढरे खडे असतात. तिने ते बोटांत चुरडून बघितले. "हे कोरडं दळलेलं नाहीये. ओलं वाटून वाळवलंय."

मी चाट. कारण ते खरंच होतं. शिरातामाकोसाठी मोची-गोमे पाण्यात भिजवतात, पाण्यासकट वाटतात, खाली बसलेला साका निथळून वाळवतात. पूर्वी हे काम ऐन थंडीत करत, गार पाण्यात ते आंबत नाही म्हणून. मी हे सांगितल्यावर आईच्या चेहऱ्यावर ह्या देशाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी आदर दिसला. आसाकुसाच्या देवळाने जे केलं नाही ते ह्या पाकिटाने केलं.

अनारशांचं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे दिवाळीला अनारसे आईचेच. तीन दिवस तांदूळ भिजत, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत कापडावर वाळवायचे, पण पूर्ण नाही, हाताला जरा ओलसर लागले पाहिजेत. मग दळायचे, चाळायचे, किसलेला गूळ घालून पीठ डब्यात मुरायला ठेवायचं. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं. बाबा शेजारी स्टूल टाकून बसायचे. काम काही नाही, नुसतं "हा हसला... हा नाही हसला" असं स्कोअर सांगायचे. हसलेले अनारसे चमच्याने खायचा मान त्यांचा.

बाबा गेले त्या वर्षी घरात सणाचं तळण झालं नाही. तशी रीतच आहे, नातेवाईकांनी फराळ आणून दिला. वर्ष सरलं, पुढची दिवाळी आली. रीत संपली होती, पण आईने कढई काढली नाही. "आता कोणासाठी?" म्हणाली. आम्ही पुण्याहून विकतचा चिवडा नेला.

तर अशी ती, दीड वर्षाने, तोक्योतल्या माझ्या चार फुटी स्वयंपाकघरात, तेलाने बरबटलेल्या शेगडीसमोर उभी. माझ्या हे लक्षात आलं ते सुद्धा बऱ्याच उशिरा. त्या क्षणी माझं सगळं लक्ष मनगटाकडे होतं.

"आता नीट काय करायचं असतं ते वाच," ती म्हणाली. मी फोनवर वाचायला लागलो. शिरातामाको शंभर ग्रॅम, मैदा एकशे दहा, साखर चाळीस, बेकिंग पावडर पाच, आणि पाण्याऐवजी एकशे साठ ग्रॅम रेशमी टोफू, किनुगोशी म्हणतात तो. आईला टोफू म्हणजे बिघडलेलं पनीर वाटायचं. पण ऐकल्यावर तिने लगेच विचारलं, "पाणी का नाही?" ह्याचं उत्तर मला माहीत होतं. टोफूतलं प्रथिन आणि स्निग्धांश स्टार्चच्या मध्ये मध्ये येतात, त्यामुळे पदार्थ ओढाळ राहतो पण दाताने तुटतो. नुसती मोची तशी तुटत नाही. इथे दर नववर्षाला म्हाताऱ्या माणसांच्या घशात मोची अडकते, आणि तोक्योचं अग्निशमन दल दरवर्षी आधी इशारा देतं, लहान तुकडे करून खा म्हणून. मैदा आणि बेकिंग पावडरीने आत जाळी पडते आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे जे मी "शुद्धतेसाठी" काढून टाकलं होतं तोच सेफ्टी व्हॉल्व्ह होता.

आईने आधी फक्त शिरातामाको आणि टोफू घेतले आणि तळहाताच्या टाचेने रगडायला लागली, उकड मळतात तशी. एकही खडा राहता कामा नये. मी म्हटलं, पुरे झालं. ती म्हणाली, "तुला कळतं का?" मग मैदा, साखर, बेकिंग पावडर. पीठ किती मऊ हवं ह्यासाठी जपानीत एक ठरलेलं माप आहे, कानाच्या पाळीइतकं. मी हे सांगितलं मात्र, आईने पिठाचा हात तसाच माझ्या कानाला लावला आणि पाळी दाबून बघितली. "अजून थोडा टोफू लागेल." एक चमचा घातला. परत कान. "हं."

सात-सात ग्रॅमच्या गोळ्या. मी वजनकाट्यावर तोलत होतो, ती नुसत्या हाताने करत होती. मी गुपचूप तिच्या चार गोळ्या मोजल्या. सात, सात, आठ, सात. बेकिंग पेपरचे हातभर नव्हे, वीतभरापेक्षा लहान चौकोन कापून प्रत्येकावर आठ गोळ्यांचं कडं मांडायचं, एकमेकांना जेमतेम टेकलेल्या. जास्त दाबल्या तर मणी दिसत नाहीत, कमी टेकल्या तर तेलात वेगळ्या होतात. सात कडी झाली आणि तीन गोळ्या उरल्या.

तेलावरून आमचं वाजलंच. मी १६० वर सेट केलं. आईचा शेगडीवर विश्वास नाही, तिने पिठाचा कण टाकून बघितला. इथले लोक लाकडी चॉपस्टिक तेलात बुडवून बुडबुडे बघतात, ते मी करून दाखवलं. तिन्ही पद्धतींचं एकमत झाल्यावर पहिलं कडं कागदासकट सोडलं. अर्ध्या-एक मिनिटात कागद आपोआप सुटतो, तो चिमट्याने काढायचा. मी ह्या वेळी दोन फूट लांब उभा होतो. आई पुढे. तिने झाऱ्याने हलकेच उलटलं. मणी फुगले, एकमेकांत रुतले, वर फिकट सोनेरी रंग आला. फुटलं काही नाही.

"नाही हसला," मी म्हणालो. कसं तोंडून गेलं कोण जाणे.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. दुसरं कडं सोडलं. थोड्या वेळाने म्हणाली, "स्टूल आहे का रे तुझ्याकडे?" स्टूल नव्हतं. मी तांदळाच्या दहा किलोच्या डब्यावर बसलो आणि उरलेल्या पाच कड्यांचा स्कोअर सांगितला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की तेलाचा धूर, ते मी विचारलं नाही. एक्झॉस्ट मात्र चालू होता.

अर्ध्यांवर पिठीसाखरेचा पाक, अर्ध्यांवर किनाको. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यात साखर कालवायची. वास थेट पंढरपुरी डाळ्याचा. आईने किनाकोचं कडं घेतलं, एक मणी तोडला, चावला. बराच वेळ चावला. मी रिव्ह्यूला बसलेल्या ज्युनियरसारखा समोर.

"वातड आहे," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला असावा.

"अरे, छान वातड आहे."

आणि तिने दुसरा मणी तोडला. तीन कडी तिने एकटीने संपवली, ताईला व्हिडिओ कॉलवर चावून दाखवत. उरलेली एक-दोन मी दुसऱ्या दिवसासाठी फ्रीजमध्ये ठेवायला निघालो तर ओरडली, "उकडीचे मोदक फ्रीजमध्ये दगड होतात माहीत नाही का?" बरोबर होतं. गारव्यात शिजलेलं स्टार्च परत घट्ट होतं, आणि फ्रीजचं तापमान त्यासाठी अगदी सोयीचं. डब्यात बाहेरच ठेवली. सकाळी चहाबरोबर बऱ्यापैकी मऊ होती. तळणीचं तेल मात्र इथल्या रीतीप्रमाणे पावडर टाकून गोठवून फेकायचं असतं हे मी सांगितल्यावर तिने मला वेड्यात काढलं. ते तेल पुढचे आठ दिवस फोडणीला वापरलं गेलं.

पुढच्या शनिवारी तिने निशिकासाईच्या दुकानातून आपलं साधं तांदळाचं पीठ आणायला लावलं. तिचं म्हणणं, त्याची उकड काढून मग टोफू घातला तर शिरातामाको लागणारच नाही. केलं. गरम असताना बरं लागलं, गार झाल्यावर दाताला धोका. "अमायलोज," मी म्हटलं. "तुझं मेलं अमायलोज," ती म्हणाली. त्यानंतर साबुदाण्याच्या पिठाचं व्हर्जन झालं, ते मूळ पोन दे रिंगच्या सर्वांत जवळ गेलं. एकदा तिने जायफळ घातलं. एकदा वर खसखस लावली, ती तेलभर झाली. तिकिटाचा विषय तिने परत काढला नाही, मीही नाही. तिला इथे करमलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर ती एकटीच असायची, संध्याकाळी खिडकीत उभी असायची. पण शुक्रवारी रात्री विचारायची, "उद्या काय करायचं?"

ती ठरल्या तारखेला गेली, व्हिसाचे पाच दिवस शिल्लक असताना. बॅगेत शिरातामाकोची चार पाकिटं.

परवा रात्री फोन आला. दिवाळीला आठ-दहा दिवस आहेत. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, तांदूळ भिजत घातलेत, आज दुसरं पाणी बदललं. मी नुसतं "बरं" म्हणालो. मग तिने मुद्द्याचं विचारलं. साताऱ्यात टोफू एका दुकानात मिळाला, पण तो विटेसारखा घट्ट आहे, पाकिटातली दोन पाकिटं अजून शिल्लक आहेत, तर टोफूऐवजी घट्ट दही टांगून घातलं तर चालेल का? आंबट होईल का? बेकिंग पावडर कमी करावी लागेल का?

मला ठाऊक नाही. दही फडक्यात बांधून नळाला टांगलंय. उद्या शनिवार आहे.